रुजू, बारनिशी आणि सामायिक दप्तर

एकच दप्तर अनेकांच्या हाताखाली असावे आणि तरीही ते कोणा एकाच्या घरचे होऊ नये, ही कचेरीच्या कामातील फार जुनी अडचण आहे. संगणकावरील सामायिक फोल्डर कोणी उघडला, कोणी बदलला आणि त्यातले काय नाहीसे झाले, याची आज जी चौकशी चालते, ती त्याच अडचणीची पुढची पिढी होय. पनवेलसारख्या गावाला तिचा परिचय नवा नाही. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यापासून 1863 साली आगगाडी घाट चढेपर्यंत, मुंबईहून खाडीमार्गे आलेली माणसे व माल पनवेल बंदरात उतरून पुण्याची वाट धरीत, आणि मालाच्या मागोमाग पावत्या, नोंदी व हिशेब यांचा पसारा ओघानेच येई. 1852 साली येथे नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा महसुली कचेरीच्या जोडीला दुसरे सार्वजनिक दप्तर उभे राहिले. म्हणजे एकाच गावाचे कागद दोन छपरांखाली गेले, आणि कोणता कागद कोठे आहे हे सांगणारा मनुष्य कागदाइतकाच मोलाचा ठरू लागला.

इंग्रजी अंमलापूर्वीची व्यवस्था या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ सूक्ष्म होती. पेशवाईत मुलखावर नेमलेल्या कमाविसदाराबरोबर दरकदार असत, आणि त्यांची नेमणूक थेट हुजुरातून होत असल्यामुळे त्यांना दूर करण्याचा अखत्यार कमाविसदारास नसे. त्यांच्या कामांची जी वाटणी पेशव्यांच्या दप्तरात आढळते आणि जिच्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले, ती अशी, की पत्रांवर व हुकमांवर दिवाणाने आपली निशाणी करावी, कागद व हिशेब मुजुमदाराने तपासून मान्य करावेत, मुजुमदाराची मान्यता झाल्यावरच फडणिसाने त्यांवर तारीख घालावी, रोजचा हिशेब लिहावा व दप्तर बांधावे, आणि त्या हिशेबावरून दफ्तरदाराने दरमहाचा गोषवारा करून हुजुरास रवाना करावा. एका कागदाला इतके हात लागत, आणि प्रत्येक हाताची खूण मागे राही; जुन्या मोडी पत्रांवर ‘रुजू’ किंवा ‘बार’ असे जे त्रोटक शेरे दिसतात, ते याच खुणांपैकी होत. या रचनेचा पाया परस्परांवरील अविश्वास हा होता, असे म्हटल्याने तिचा अवमान होतो असे मला वाटत नाही. कागद सर्वांचा ठेवायचा असेल तर अविश्वासाची अशी सभ्य तजवीज करावीच लागते. आमच्या कचेऱ्यांतील आवक-जावक बारनिशी ही त्या तजविजीची आजवर जिवंत राहिलेली शाखा आहे, आणि ती ठेवणारा कारकून पगाराच्या पत्रकात तळाशी असला, तरी हरवलेल्या कागदाच्या वेळी साहेबालाही त्याच्याच टेबलापाशी यावे लागते.

हीच व्यवस्था ढासळली की काय होते, हेही इतिहासाने दाखवून ठेवले आहे. राज्य गेल्यावर पेशव्यांच्या दप्तराची पाहणी करणाऱ्या मॅक्लिऑड या अंमलदाराने नमूद केले, की दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दप्तराची हेळसांड तर झालीच, परंतु त्यावरचा कारकुनी सरंजाम जवळजवळ मोडून टाकण्यात आला आणि लोकांना कागद उचलून नेण्याचीसुद्धा मोकळीक मिळाली. दार सर्वांना उघडे आणि नोंद कोणाचीच नाही, अशी ती स्थिती होती. पुढे इनाम कमिशनच्या निमित्ताने, म्हणजे 1852 च्या कायद्यानंतर, इंग्रज सरकारने कागद गोळा करण्याचा सपाटा लावला. त्यामागे इतिहासप्रेम नसून इनामांची छाननी हा हेतू होता, तथापि त्यामुळेच हजारो रुमाल पुण्यात एकत्र राहिले आणि 1930 नंतरच्या काही वर्षांत रियासतकार सरदेसाई यांना त्यांतून पंचेचाळीस खंड प्रसिद्ध करता आले.

पनवेल तालुका स्वतः 1883 साली ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्यास जोडला गेला, आणि वरिष्ठ कचेरी ठाण्याऐवजी अलिबाग झाली. जिल्हा बदलणे नकाशावर एका रेघेचे काम असते. कचेरीत मात्र जुन्या ठिकाणी काय राहिले आणि नव्या ठिकाणी काय आले, याचा झाडा द्यावा लागतो.

परंतु पनवेलच्या कागदांची खरी परीक्षा 1970 नंतर झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले आणि त्याच साली स्थापन झालेल्या सिडकोकडे त्या नगराची उभारणी आली. एका शेताचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात, मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखाकडे, निवाडा भूसंपादनाच्या कचेरीत आणि भूखंडवाटपाची संचिका सिडकोत, अशी त्या शेताची चार ठिकाणी चार रूपे झाली. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये पाच जणांना प्राण गमवावे लागले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना आली. पण योजनेचा भूखंड पदरात पडावा म्हणून वारसाने सादर करायचे पुरावे याच विखुरलेल्या दप्तरांतून उभे करावे लागतात. मूळ खातेदार मृत, वारस अनेक, फेरफाराची नोंद एकीकडे झालेली आणि दुसरीकडे कळलेलीच नाही: अशा प्रकरणात कागद हरवलेला नसतो, तो केवळ दुसऱ्याच्या कपाटात असतो.

सरकारलाही हे उमगले नव्हते असे नाही. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980 नंतरच्या दशकात कचेरीच्या कामाची जी शिस्त घालून दिली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून सर्वत्र परिचित झाली, आणि टेबलावरील कागदांचे सहा गठ्ठे करण्याची पद्धत महाराष्ट्रभर कचेऱ्यांत रुजली; प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे आणि नाश करावयाचे, अशी ती विभागणी. अभिलेखांचे अ, ब, क, ड हे वर्ग तर त्याहून जुने आहेत. ‘अ’ कायमचा, ‘ड’ वर्षभराचा. 1988-89 साली भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाला, त्यांत महाराष्ट्रातून वर्धा होता. पुढे सातबाराही संगणकावर आला, आणि कचेऱ्यांतले गठ्ठे हळूहळू सर्व्हरवरील फोल्डरांत शिरले. 2016 साली पनवेलची महानगरपालिका झाली, तेव्हा नगरपालिकेबरोबरच आसपासच्या गावांचे दप्तरही एका छत्राखाली आणण्याची पाळी आली.

विंडोजच्या सर्व्हरवर सामायिक फोल्डरांचे जे नियंत्रणपटल असते, ते तीन याद्या दाखवते: कोणते फोल्डर खुले केले आहेत, या क्षणी कोण जोडलेले आहे, आणि कोणती फाईल कोणी उघडून ठेवली आहे. मुजुमदाराला हे पाहून संतोष वाटला असता. फडणिसाला मात्र वाटला नसता, कारण माणूस बाहेर पडला की त्याची ओळही यादीतून जाते आणि मागे तारीख उरत नाही. ती उरावी अशी इच्छा असेल, तर तपासणीची नोंद निराळी चालू करावी लागते, प्रत्येक फोल्डरास ती लागू करावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी हे काम पहिली फाईल नाहीशी झाल्यावर सुचते. चालू केलेली नोंदही अमर्याद नसते: तिला नेमून दिलेली जागा भरली की, कोणी वेगळे ठरवले नसल्यास, नव्या ओळी जुन्या ओळींवर लिहिल्या जातात. ‘ड’ वर्गाचा कागद नष्ट करण्यासाठीसुद्धा कचेरीत वर्ष सरावे लागते, यादी करावी लागते आणि सक्षम अधिकाऱ्याची सही घ्यावी लागते.