पडद्यावरील हुद्द्यांचे दप्तर

दृष्टिहीन मनुष्य संगणकापाशी बसतो तेव्हा पडद्यावरचे चित्र त्याच्यापुरते नसतेच. असते ते केवळ कानावर पडणारे एखादे नाव आणि त्या नावापाठोपाठ उच्चारला जाणारा हुद्दा, म्हणजे अमुक बटण, तमुक दुवा, अमक्या चौकटीत मजकूर लिहावयाचा आहे, एवढेच. हा हुद्दा ज्या क्रमांकावरून ठरतो तो क्रमांक चुकला, तर सुरळीत चाललेले यंत्रही त्याच्या दृष्टीने बंद पडल्यासारखेच होते. म्हणून हे क्रमांक कसे नेमले गेले आणि पुढे एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात त्यांचे फेरफार कसे झाले, हा इतिहास केवळ तंत्रज्ञांच्या घरचा आहे असे मला वाटत नाही.

डॉसच्या अमदानीत पडद्यावर बहुधा अक्षरेच असत आणि ती संगणकाच्या स्मृतीतून उचलून वाणीयंत्राकडे देता येत. 1978 साली मोटार अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या प्रयत्नांतून 1989 मध्ये निघालेला जॉज हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी आज्ञावली, त्याच काळातला. पुढे विंडोजचा चित्रमय पडदा आला, अक्षरांच्या जागी ठिपके आले, आणि स्क्रीन रीडरला चित्र काढण्याच्या आज्ञा वाटेतच अडवून, त्यांवरून पडद्याची एक छायाप्रत बांधून, कोणती वस्तू काय असावी याचे अनुमान करीत बसावे लागले. या अनुमानाच्या जागी साक्ष आली ती 1997 मध्ये, जेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोज 95 साठी अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी ही व्यवस्था दिली. पडद्यावरील प्रत्येक वस्तूने, विचारणा होताच, आपले नाव, आपली अवस्था आणि आपला हुद्दा स्वतः सांगावा, असा तिचा दंडक होता. बटणाचा हुद्दा 43, चेकबॉक्सचा 44, रेडिओ बटणाचा 45. इतकेच नव्हे, तर घड्याळालासुद्धा 61 हा स्वतंत्र क्रमांक मिळाला होता. त्या यादीकर्त्यांनी घड्याळाची आठवण ठेवली, याचे मला आजही कौतुक वाटते.

परंतु या दप्तरात वस्तूला सांगता येण्याजोगी मूळ क्रिया एकच होती. उघडझाप होणारी, निवड करू देणारी आणि वर मजकूरही स्वीकारणारी चौकट आपली सारी कर्तबगारी त्या एका रकान्यात मांडणार कशी? 2006 साली व्हिस्टाबरोबर यूआय ऑटोमेशन ही नवी व्यवस्था आली आणि 2009 मध्ये विंडोज 7 मध्ये ती अधिक सुदृढ रूपाने प्रस्थापित झाली, ती या अडचणीचे उत्तर घेऊनच. तिने वस्तूचा प्रकार आणि तिचे सामर्थ्य यांची फारकत केली व क्रमांकांचे महालवार वाटप केले: सामर्थ्याचे नमुने 10000 पासून, घटना 20000 पासून, गुणधर्म 30000 पासून, आणि वस्तूंचे प्रकार 50000 पासून. पूर्वीचे 43 क्रमांकाचे बटण येथे 50000 झाले. 44 क्रमांकाचा चेकबॉक्स 50002.

हे फेरफार जर अंकास अंक लावून भागले असते, तर त्यांचा इतिहास लिहिण्याचे कारणच नव्हते. खरा प्रसंग उद्भवला तो नावांमुळे. जुन्या यादीत 42 या हुद्द्याचे नाव ‘टेक्स्ट’. त्याचा अर्थ, जेथे मजकूर लिहिता येतो अशी जागा. जेथे मजकूर केवळ वाचावयाचा, त्या जागेचा हुद्दा 41, नाव ‘स्टॅटिक टेक्स्ट’. नव्या यादीतही 50020 या क्रमांकावर ‘टेक्स्ट’ आहे. पण तो आहे जुना 41, आणि जुना 42 मात्र ‘एडिट’ हे नाव धारण करून 50004 वर बसला आहे. एखाद्या कारकुनाने नाव पाहून नाव लावले असते, तर लिहिण्याची जागा वाचण्याची म्हणून घोषित झाली असती, आणि अर्ज भरू पाहणाऱ्या माणसाला आपले नाव कोठे लिहावे हेच कळले नसते. घड्याळाला तर नव्या यादीत स्वतंत्र जागाच उरली नाही.

शिवाय क्रमांकाचे आयुष्य किती, हाही प्रश्न होता. जुन्या पद्धतीत एखाद्या खिडकीतील अपत्यवस्तू पुष्कळदा तिच्या अनुक्रमांकावरून ओळखली जाई, आणि मध्ये एखादी वस्तू वाढली की हे अनुक्रमांक सरकू शकत. नव्या पद्धतीत चालू वेळेपुरता एक बिल्ला मिळतो, जो उद्याच्या कामासाठी वहीत टिपून ठेवण्यात अर्थ नाही. टिकाऊ खूण म्हणून निर्मात्याने दिलेली वेगळी संज्ञा असते, पण तीही भावंडांमध्ये तेवढी अनन्य असावी अशी अपेक्षा.

या सगळ्या व्यवहारात मला अत्यंत सुज्ञ वाटणारी तरतूद अशी, की जुने दप्तर जाळले गेले नाही. विंडोज 7 मध्ये 10018 क्रमांकाचा एक नमुना ठेवला गेला, ज्याच्या द्वारे नव्या भाषेत विचारणा करूनही वस्तूचा जुना हुद्दा जसाच्या तसा वाचता येतो. म्हणजे घड्याळाचे 61 तेथे अबाधित. जुन्याचे नव्यात आणि नव्याचे जुन्यात भाषांतर करणारे दुभाषेही दोन्ही बाजूंस नेमले गेले. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 मध्ये आरंभलेला एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, जो ईस्पीक या वाणीयंत्रातून मराठीही बोलू शकतो, समोरच्या खिडकीला कोणत्या दप्तराच्या भाषेत विचारावे याचा निर्णय खिडकीगणिक करतो, आणि उत्तर 43 असे येवो वा 50000 असे येवो, ऐकणाऱ्याच्या कानी ‘बटण’ हा एकच शब्द घालतो.