बहात्तराव्या वर्षींचीं फुलें

चरित्रकारांची एक जुनी खोड आहे. नायकाचें बाळपण, शिक्षण, पराक्रम, कारभार हीं सारीं प्रकरणें ते मोठ्या हौसेनें लिहितात; परंतु नायकानें साठी ओलांडली कीं त्यांची लेखणी थकते, आणि ‘पुढें अमुक सालीं त्यांचें देहावसान झालें’ एवढ्या एका वाक्यांत वीस-पंचवीस वर्षांचा निकाल लागतो. जणूं काय ह्या वर्षांत मनुष्य जगत नाहीं, नुसते दिवस काढतो! अठराव्या शतकांतील एका इंग्रज विधवेचें चरित्र मात्र ह्या रीतीनें लिहूं गेल्यास मुळीं लिहितांच यावयाचें नाहीं. ज्या कामासाठीं तिचें नांव आज घेतलें जातें, त्या कामाला तिनें हात घातला तोच वयाच्या बहात्तराव्या वर्षीं. ही बाई म्हणजे मेरी डिलेनी.

मेरीचा जन्म १७०० सालचा, विल्टशायर परगण्यांतील ग्रॅनव्हिल घराण्यांतला. घराणें मोठें, पण त्याचा पक्ष पडता. १७१४ मध्यें अ‍ॅन राणी वारली, राज्य नव्या वंशाकडे गेलें, मेरीचा चुलता लॉर्ड लॅन्सडाउन लंडनच्या टॉवरमध्यें कैदी झाला, आणि राणीच्या दरबारीं मानानें राहावी म्हणून जिला वाढवीत होते ती ही मुलगी आईबापांबरोबर ग्लॉस्टरशायरमधील एका आडगांवीं येऊन पडली. कैदेंतून सुटलेल्या चुलत्यानें १७१८ मध्यें तिचें लग्न ठरविलें. वराचें नांव अलेक्झांडर पेंडार्व्हिस, वय साठीच्या घरांतलें, व्यसन मद्याचें, दुखणें संधिवाताचें. वधू सतरा वर्षांची. जरठ-कुमारी विवाह ही कांहीं एकट्या हिंदुस्थानचीच चाल नव्हती. सुमारें सात वर्षांनीं एके दिवशीं सकाळीं हा नवरा बिछान्यांत मृत आढळला. मृत्युपत्रांत बायकोच्या हिताचा फेरफार करावयाचा राहून गेला होता. त्यामुळें इस्टेट दुसरीकडे गेली आणि मेरीला बेताचें उत्पन्न तेवढें उरलें. पुढें अठरा वर्षें तिनें दुसरें लग्न केलें नाहीं.

ह्या अठरा वर्षांत तिनें आपलें आयुष्य तीन खुंट्यांना बांधून घेतलें. पहिली खुंटी धाकटी बहीण अ‍ॅन. ती लंडनपासून दूर, आणि मेरीला लंडनचें सर्व कांहीं तिला सांगितल्यावांचून करमत नसे. कोणीं कोणता पोषाख केला होता, कोणाचें लग्न जमलें, कोणत्या बागेंत काय फुललें, सारें पत्रांतून जाई. १७३४ मध्यें संगीतकार हँडेल तिच्या घरच्या बैठकींत संध्याकाळभर वाद्य वाजवीत बसला, त्याचीहि हकीकत बहिणीला पोंचली. आयर्लंडच्या प्रवासांत तिची ओळख ‘गलिव्हर’कर्त्या स्विफ्टशीं झाली व त्याच्याशींहि तिचा पत्रव्यवहार चालला, पण थोर ग्रंथकाराला लिहितांना लेखणी जपून चालते, बहिणीला लिहितांना ती धांवते. दुसरी खुंटी मैत्रीण मार्गरेट. ही मेरीहून पंधरा वर्षांनीं लहान, ऑक्सफर्डच्या अर्लची मुलगी, पुढें पोर्टलंडची डचेस झाली. ती लहान असतांना जमलेला हा स्नेह पन्नासांहून अधिक वर्षें टिकला. तिसरी खुंटी हाताचें काम. भरतकाम, चित्रें, शिंपल्यांची नक्षी, बागकाम ह्यांपैकीं कांहींना कांहीं तिच्या हातीं असेच.

१७४३ मध्यें, त्रेचाळिसाव्या वर्षीं, तिनें आपल्या मनानें लग्न केलें. पॅट्रिक डिलेनी हा आयरिश धर्मोपदेशक, विधुर, कुळानें साधा. भावाला हा संबंध अगदीं रुचला नाहीं. परंतु पंचवीस वर्षांचा हा संसार सुखाचा झाला. डब्लिनजवळच्या डेल्व्हिल येथील घराला मोठी बाग होती, आणि घरांतील लहानशा प्रार्थनामंदिराचें छत डिलेनीबाईंनीं स्वतः शिंपल्यांनीं सजविलें होतें.

मग खुंट्या उपटावयास सुरुवात झाली. १७६१ मध्यें बहीण अ‍ॅन गेली. १७६८ च्या मे महिन्यांत बाथ येथें डॉक्टर डिलेनी वारले. बाईंचें वय अडुसष्ट, मूलबाळ नाहीं, आयर्लंडमधील घर नवऱ्याबरोबर संपलेलें. त्या काळच्या इंग्लंडांत अशा स्त्रीपुढें दोनच वाटा असत. कोणा नातलगाच्या घरीं आश्रित म्हणून कोपरा धरावा, किंवा बाथसारख्या गांवीं पत्ते कुटीत आणि औषधी पाणी पीत शेवटाची वाट पाहावी.

येथें चाळीस वर्षें जपलेला स्नेह कामास आला. डचेस मार्गरेट १७६२ पासून विधवा होती. तिनें मैत्रिणीला बकिंगहॅमशायरमधील आपल्या बुलस्ट्रोड येथील वाड्यांत नेलें, आणि पुढें वर्षाचे कितीतरी महिने डिलेनीबाई तेथेंच असत. पण एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बाईंनीं लंडनमध्यें स्वतःचें लहानसें घर ठेवलें होतें. बुलस्ट्रोडला त्या पाहुण्या म्हणून जात व लंडनला यजमानीण म्हणून डचेसचें स्वागत करीत. मैत्रींत देणेंघेणें दोहों बाजूंनीं राहिलें, तिचा आश्रय झाला नाहीं. आणि वृद्धपणीं हा भेद लहान नव्हे.

बुलस्ट्रोड हें नांवाचें वाडा, पण वास्तविक मोठें अभ्यासगृह होतें. डचेसला निसर्गवस्तु जमविण्याचें वेड होतें. बागेंत देशोदेशींचीं रोपें, पिंजऱ्यांत परदेशी पक्षी, दालनांत शिंपल्यांच्या, किड्यांच्या, खनिजांच्या पेट्या. तिचा धर्मोपदेशक लाइटफूट हा चांगला वनस्पतिशास्त्रज्ञ होता. लिनियसचा शिष्य सोलँडर तिच्या शिंपल्यांची यादी करावयास येई. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या जोसेफ बँक्सच्या घरीं १७७१ च्या अखेरीस ह्या दोघी मैत्रिणी दूरदेशींच्या वनस्पतींचीं चित्रें पाहण्यासाठीं मुद्दाम गेल्या होत्या. एक एकाहत्तर वर्षांची, दुसरी छपन्न वर्षांची! अशा घरांत राहणाऱ्या माणसाला म्हातारें होण्यास सवड मिळणें कठीणच.

पुढल्याच वर्षीं तो प्रसंग घडला. टेबलावर तांबड्या जिरेनियमचें फूल होतें आणि जवळच त्याच रंगाचा कागदाचा तुकडा पडला होता. बाईंनीं कात्री घेऊन त्या कागदाच्या पाकळ्या कापल्या व त्या जुळवून ठेवल्या. इतक्यांत डचेस आंत आली आणि खऱ्या फुलाच्या पाकळ्या कां तोडल्या म्हणून विचारूं लागली, असें सांगतात. कथा थोडी सजविलेली असेल. पण त्याच शरदांत बाईंनीं आपल्या भाचीला पत्र लिहून, फुलांची नक्कल करण्याची एक नवी युक्ति सुचल्याचें कळविलें, हें निश्चित.

ही युक्ति दिसावयास सोपी, करावयास अतिशय अवघड. ताजें फूल पुढें ठेवावयाचें. पेन्सिलीनें रेखाटन न करतां, नुसत्या नजरेनें पाकळी, पान, देंठ, केसर असे रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापावयाचे. छाया दाखविण्यासाठीं एका छटेवर दुसऱ्या छटेचा तुकडा चढवावयाचा. आणि सगळें काळ्या रंगाच्या कागदावर चिकटवावयाचें. कृष्णकमळाच्या जातीच्या एका फुलांत त्यांनीं २३० पाकळ्या कापून बसविल्या आहेत. काळ्या भूमीवर हीं फुलें अशीं उठतात, कीं जणूं कोणी रात्रीं बागेंत कंदील धरला आहे. केसरांची संख्यासुद्धां चुकूं दिलेली नाहीं, कारण लिनियसचें सारें वर्गीकरण त्या संख्येवरच उभें होतें. वनस्पतीचें निर्दोष वर्णन केवळ नकलेवरून करावयाचें असेल तर तें ह्याच नकलांवरून करतां येईल, असा अभिप्राय बँक्सनें दिल्याचें नमूद आहे. फावल्या वेळच्या कामाला ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

काम वाढलें तसा माणसांचा राबताहि वाढला. क्यूच्या राजोद्यानांतून, चेल्सीच्या औषधी बागेंतून, ओळखीच्या गृहस्थांच्या काचघरांतून रोपें येऊं लागलीं. तिसरा जॉर्ज राजा आणि शार्लट राणी बुलस्ट्रोडला येत तेव्हां हीं फुलें आवडीनें पाहत. १७८१ मध्यें राणीनें बाईंना सोनेरी भरतकामाचा एक बटवा दिला, त्यांत चाकू, कात्री, पेन्सिल अशीं हत्यारें होतीं. बहिणीची जागा आतां बहिणीच्या मुलीनें, मेरी पोर्टनें, घेतली होती. पत्रें तिच्याकडे जाऊं लागलीं. तिची मुलगी जॉर्जियाना लहानपणींच ह्या आजीपाशीं राहावयास आली. तिच्या शिकण्याची चिंता बाईंनीं कागदाच्या फुलांइतक्याच काळजीनें वाहिली.

एक हजार फुलें करावयाचीं असा संकल्प होता. १७८२ मध्यें दृष्टि मंदावली. तेव्हां ९८५ चित्रें झालीं होतीं. फक्त पंधरा उरलीं होतीं. दुसऱ्या कोणाच्या मदतीनें ओबडधोबड पंधरा फुलें कापून आंकडा भरतां आला असता. बाईंनीं तसें केलें नाहीं. निरोपाची एक छोटी कविता लिहिली आणि कात्री ठेवली. हजाराच्या हव्यासापेक्षां हा विराम फार मोठा वाटतो.

१७८५ च्या जुलैंत डचेस वारली. पंचाऐंशी वर्षांच्या मैत्रिणीला मागें ठेवून सत्तर वर्षांची मैत्रीण गेली. दुसऱ्या वर्षीं डचेसच्या संग्रहाचा लिलांव झाला. तो अडतीस दिवस चालला होता! ज्या शिंपल्यांच्या पेट्यांपुढें दोघींनीं दुपारी घालविल्या, त्या हातोड्याच्या ठोक्यासरशीं पांगल्या.

राजानें बाईंना विंडसरला घर दिलें, वर्षाला ३०० पौंडांची नेमणूक करून दिली, आणि येतांना नात व कपडे ह्यांखेरीज कांहीं आणूं नये असा निरोप धाडला. नेमणुकीची रक्कम राणी स्वतः पाकिटांत घालून आणून देई. हें भाग्य सामान्य विधवेच्या वांट्याला आलें नसतें, हें उघड आहे. बाईंचें कुळ आणि बुलस्ट्रोडचा उंबरठा ह्यांचा त्यांत मोठा भाग होता. तरी राजेरजवाड्यांच्या ओळखीच्या सरदारविधवा त्या काळीं पुष्कळ होत्या, आणि राजा त्यांपैकीं कोणाच्या घरीं चहाला जात नसे. कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी १७८३ पासून बाईंच्या स्नेहांत आली होती, तेव्हां तिची तिशी आणि बाईंची ब्याऐंशी. १७८५ च्या डिसेंबरांत ती विंडसरला उतरली असतां, बैठकीच्या खोलींत बाईंच्या कुटुंबांतील मंडळी एका सात वर्षांच्या मुलीबरोबर पोरखेळ मांडून बसली होती. एवढ्यांत दार उघडलें, आणि छातीवर तारा लावलेला एक धिप्पाड गृहस्थ कांहीं वर्दी न देतां आंत आला. सारे लगबगीनें भिंतीला टेंकले. तो इंग्लंडचा राजा होता, आणि म्हाताऱ्या शेजारणीची चौकशी करावयास आला होता.

शेवटच्या ह्या वर्षांत बाईंना स्वतःच्या हातानें लिहिणें जड जाई; त्या सांगत आणि जॉर्जियाना लिही. १५ एप्रिल १७८८ रोजीं लंडनच्या आपल्या घरीं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. जॉर्जियानाची मुलगी लेडी लॅनोव्हर हिनें १८६१ व १८६२ मध्यें पणजीच्या ह्या बहिणीचा पत्रव्यवहार सहा खंडांत छापला, आणि तिच्या मृत्युपत्रान्वयें १८९७ मध्यें फुलांचे दहा खंड ब्रिटिश म्यूझियमला मिळाले. ते तेथें आहेत. काळ्या कागदावर फूल, आणि पान उलटलें कीं मागें वनस्पतीचें नांव, दिवस, ठिकाण, व रोप कोणाकडून आलें असेल तर त्या स्नेह्याचें नांव.