सदोष व अपूर्ण घरबांधकामाविरुद्ध विमा (शिरूर व दौंड तालुके)

घर बांधून देणाऱ्याने काम अर्धवट टाकले, त्याचे दिवाळे निघाले, किंवा ताबा मिळाल्यावर बांधकामातला दोष वर आला, तर घरमालकाचे नुकसान भरून देणारा विमा. फ्रान्समध्ये १९७८ च्या कायद्याने तो सक्तीचा केला. तिथे इमारतीच्या मूळ रचनेची हमी दहा वर्षांची असते. ब्रिटनमध्ये १९३६ पासून नोंदणीकृत बांधकाम व्यावसायिकांमार्फत अशी हमी मिळू लागली. ऑस्ट्रेलियात खाजगी कंपन्या हा विमा विकत असत. २००१ मध्ये ‘एचआयएच’ ही मोठी विमा कंपनी बुडाली आणि अर्धवट घरांचा भार सरकारांना उचलावा लागला. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, सामान्य घरमालकाच्या कागदपत्रांत असा विमा आढळत नाही. त्याच्या जागी कायद्याने बिल्डरवर टाकलेली जबाबदारी आहे, आणि तिचा आधार प्रत्येक घराला मिळत नाही.

घरांचे प्रकार. पुणे–नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर ते रांजणगाव या पट्ट्यात औद्योगिक वसाहतीमुळे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, पाटस व कुरकुंभ येथे तीच वाट. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (स्थापना २०१५) हद्द दोन्ही तालुक्यांच्या काही भागांपर्यंतच पोहोचते. याखेरीज बिगरशेती प्लॉट घेऊन गवंडी किंवा ठेकेदाराकडून घर बांधून घेण्याची पद्धत मोठी आहे. व्यवहार चौरस फुटाच्या दराने ठरतो, ‘मटेरियलसह’ किंवा ‘फक्त मजुरीवर’. करार बहुधा तोंडी असतो. पैसे पाया, जोता, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा टप्प्यांनी जातात.

जमीन व तडे. या भागातल्या दोषांचे मोठे कारण जमिनीत आहे. नदीकाठच्या व कालव्याखालच्या काळ्या चिकण मातीत फुगणारी खनिजे असतात. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. दौंडमध्ये खडकवासल्याचा कालवा आणि शिरूरमध्ये घोड व चासकमान प्रकल्पांचे कालवे यांमुळे उसाला भर उन्हाळ्यातही पाणी मिळते. घराच्या एका बाजूला ओले रान आणि दुसऱ्या बाजूला कोरडे अंगण असले की पाया एकसारखा बसत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग ही त्याची ओळख. उपाय जुनेच आहेत: मुरूम लागेपर्यंत खोदणे, जोत्याच्या पातळीला सलग बीम घेणे, पायाभोवती मुरमाची भर घालणे, आणि काळी फार खोल असेल तर खाली फुगीर केलेले पाइल. यांचा खर्च पायातच गाडला जातो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चौरस फुटाच्या दरात पहिली काटछाट तिथेच होते.

उपलब्ध पॉलिस्या. घरमालकाला ‘विमा आहे’ असे ज्या कागदावरून वाटते, त्याचे वाचन इथे आवश्यक आहे. गृहकर्जासोबत विकला जाणारा विमा बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. भिंतीशी त्याचा संबंध नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने आखून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, वीज, भूकंप, पूर, वादळ वगैरेंपासून संरक्षण देते. जमीन खचल्यामुळे होणारे नुकसानही तीत येते. मात्र त्याच कलमाखाली नव्या बांधकामाचे नेहमीचे तडे व बसणे, भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल, नदीकाठाची धूप, आणि सदोष आराखडा, सदोष कारागिरी वा निकृष्ट साहित्य यांतून झालेले नुकसान वगळलेले आहे. काळ्या मातीवर कमी खोलीचा पाया घेतलेले घर तडकले, तर यांपैकी एक तरी अपवाद त्याला लागू पडण्याची शक्यता मोठी. भीमेच्या किंवा घोड नदीच्या पुराचे पाणी घरात शिरले तर दावा उभा राहतो. ठेकेदाराने लोखंड कमी वापरले म्हणून घर तडकले तर राहत नाही. हा फरक पॉलिसी विकताना समजावून सांगायला हवा, आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचा अहवाल हाती पडेपर्यंत तो घरमालकाला ठाऊक नसणे हा मोठा अन्याय आहे.

काम चालू असताना घेतली जाणारी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसी अपघाती नुकसान भरून देते: स्लॅब टाकताना सेंटरिंग कोसळणे, पुरात साहित्य वाहून जाणे. सदोष साहित्य किंवा कारागिरी दुरुस्त करण्याचा खर्च तीत नसतो. काम पूर्ण किंवा अंशतः बंद पडल्याने होणारे नुकसानही वगळलेले असते. अपूर्ण घराची भरपाई मागायला ही पॉलिसी म्हणूनच उपयोगी पडत नाही. ठेकेदाराने काम पुरे करावे याची हमी देणाऱ्या शुअरटी विम्याला नियामकाने १ एप्रिल २०२२ पासून वाट मोकळी केली, पण त्याचा रोख रस्ते–पुलांसारख्या पायाभूत प्रकल्पांवर आहे.

कायद्याची जबाबदारी. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ याच्या कलम ७ नुसार ताबा दिल्यापासून तीन वर्षांत कळवलेला दोष प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने), शक्य असेल तिथे, विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने ही मुदत पाच वर्षे केली. त्याच्या कलम १४(३) प्रमाणे रचनेतला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांतला दोष कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती करायची, नाहीतर भरपाई द्यायची. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून ती जमीन व बांधकाम यांवरच खर्च करायची, हा नियम काम अपुरे राहण्याविरुद्धचा सर्वांत व्यवहारी उपाय मानता येईल. वेळेत ताबा न दिल्यास कलम १८ नुसार पैसे व्याजासह परत मागता येतात. जमिनीच्या मालकी हक्कातच दोष निघाला, तर त्या भरपाईला मुदतीची आडकाठी नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात पुनर्वसनाचा वा वतनाचा शेरा असलेल्या गावांत ही तरतूद विशेष मोलाची ठरते.

खुद्द विम्याबद्दल कलम १६ आहे. जमिनीच्या मालकी हक्काचा आणि बांधकामाचा विमा प्रवर्तकाने काढावा, हप्ता त्यानेच भरावा, आणि विक्री करार होताच त्याचा लाभ खरेदीदाराकडे जावा, असे ते सांगते. मात्र कोणते विमे काढायचे हे शासनाने अधिसूचित करायचे आहे. अधिसूचनेवाचून या कलमाची सक्ती कागदावरच राहते.

महारेराच्या (२०१६ च्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या) आदेशाची रक्कम न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वसुलीचे अधिपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते व पुढची जप्ती–लिलावाची कारवाई तहसील पातळीवर चालते. परतफेडीचे मुद्दलही याच मार्गाने वसूल होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात ११ नोव्हेंबर २०२१ रोजी स्पष्ट केले. विम्याची कंपनी नसली तरी महसूल खात्याची यंत्रणा पाठीशी असणे ही खरेदीदाराची खरी ताकद आहे.

बाहेर राहणारी घरे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प महारेरा नोंदणीतून मुक्त आहेत. या दोन अटी एकत्र कशा वाचायच्या यावर वाद झाले आहेत. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधलेले घर विक्रीच्या प्रकल्पात मोडत नसल्याने त्याला हा कायदा लागत नाही. तिथे ग्राहक आयोग हा मुख्य मार्ग. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात १९९३ मध्येच ठरवले. विकसित करून देण्याच्या बोलीवर विकलेल्या प्लॉटनाही २०१२ च्या नार्ने कन्स्ट्रक्शन निकालाने ते संरक्षण मिळाले. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. लेखी करार, टप्प्यांच्या पावत्या आणि पायाचे फोटो नसतील, तर दोष कोणाचा हे सिद्ध करणे कठीण जाते. सरकारी कामांत देयकातून काही टक्के रक्कम दोष-दायित्वाच्या काळापुरती राखून ठेवतात. खाजगी घराच्या करारातही ती अट घालता येते आणि घालावी. हप्ता भरावा न लागणारा हा विमाच आहे.

नगरपरिषद हद्द. शिरूर व दौंड शहरांत बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र नगरपरिषद देते.

घरकुले. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये साहाय्य टप्प्यांनी थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होते. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते व शासकीय यंत्रणेने ठेकेदार नेमायचा नसतो. त्यामुळे दोषाची जबाबदारी ज्याच्यावर टाकावी असा दुसरा पक्षच उरत नाही. काम अडले की पुढचा हप्ता थांबतो.