झाक्रोसचा निर्जन किनारा

भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाच्या पूर्व टोकास काटो झाक्रोस, म्हणजे ‘खालचे झाक्रोस’, नावाची एक लहानशी वस्ती आहे. वरच्या गावाकडून तेथे उतरणाऱ्या घळीस ‘मृतांची दरी’ म्हणतात. तिच्या कड्यांतील गुहांत प्राचीन लोक आपले मृत पुरीत असत. आम्ही त्याच वाटेने उतरलो. ओढ्याच्या पात्रात कण्हेर फुलली होती. आपल्या देवळांच्या आवारात असते तीच. पुढे गोट्यांचा किनारा, चारदोन खाणावळी आणि स्वच्छ निळे पाणी. असा किनारा पाहिला की प्रवासी त्याला ‘अस्पृष्ट’ म्हणून मोकळा होतो. इतिहासाच्या दृष्टीने हे विशेषण साफ चुकीचे आहे; येथे एके काळी गजबजलेले बंदर होते.

१९०१ साली हॉगार्थ या इंग्रज संशोधकाने येथे खणून काही घरे व शेकडो मुद्रांचे ठसे मिळविले. परंतु जवळच गाडलेला राजवाडा त्याच्या हाती लागला नाही. तो निकोलाओस प्लाटोन या ग्रीक पंडिताने १९६१ पासून उकलला. इसवी सनापूर्वी सुमारे १४५० मध्ये तो आगीत नष्ट झाला, आणि आतील चीजवस्तू बव्हंशी जागच्या जागी राहिली. तांब्याच्या लगडी सापडल्या, हस्तिदंतही सापडले. हत्ती म्हटला की आपले मन भारताकडे धावते. पण ते दात सीरियातून आलेले असावेत, असे अभ्यासक मानतात. एका दगडी पूजापात्रावर डोंगरमाथ्यावरील देवस्थान कोरलेले आहे आणि त्याच्या शिखरावर रानबकरे निवांत बसले आहेत!

पण आमचे मन खिळले ते एका विहिरीपाशी. तिच्यात ऑलिव्हच्या फळांनी भरलेला एक वाडगा मिळाला. सुमारे साडेतीन हजार वर्षे पाण्यात राहिलेली ती फळे वर काढली तेव्हा ताजी दिसत होती, आणि वारा लागताच काही क्षणांत सुरकुतली. तो नैवेद्य असावा असे म्हणतात. कोणी, कोणत्या संकटात वाहिला, हे सांगणारा लेख नाही. पण नवस म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो हात ओळखीचा वाटेल.

आज किनारा मोकळा राहिला आहे, त्याचे पुष्कळसे श्रेय या अवशेषांना आहे. ग्रीसच्या पुरातत्त्व कायद्यानुसार अशा स्थळांभोवती संरक्षित क्षेत्रे आखता येतात. काहींत बांधकामास पूर्ण मज्जाव, काहींत कडक अटी. वकिली पेशामुळे आम्हांस हे विशेष वाटले. ज्यांचे वारस कोणालाच सांगता येणार नाहीत, अशा मृतांच्या नावाने जिवंतांची जमीन मोकळी राखली जात आहे. ज्याच्या शेतावर हे बंधन पडते, त्याची तक्रारही खोटी नव्हे.

धोका मात्र दुसरीकडून आहे. क्रीटचा हा भाग प्राचीन काळापासून समुद्राच्या मानाने खचत आला आहे. राजवाड्याच्या सखल भागात भूजल साचते. एका गोल कुंडात आता कासवे राहतात. आम्ही काठावर गेलो तशी ती एकामागून एक पाण्यात उतरली.