ग्रो टेंटमधील दिव्यांची उष्णता

घरातल्या घरात भाजीपाला वाढविण्यासाठी वापरला जाणारा ‘ग्रो टेंट’ म्हणजे आतून चकचकीत अस्तर लावलेला बंदिस्त कापडी तंबू. अस्तरामुळे दिव्याचा प्रकाश वाया जात नाही. पण त्याबरोबर उष्णताही आतच कोंडते. ती वेळीच बाहेर काढली नाही, तर उत्तम दिव्याखालीही रोपे कोमेजतात.

एलईडी दिवे ‘थंड’ असतात, हा समज अपुरा आहे. दिवा कोणताही असो, तो जेवढी वीज घेतो, जवळपास तेवढीच उष्णता अखेर तंबूत निर्माण होते. प्रकाशसंश्लेषणातून वनस्पतीत साठते ती ऊर्जा अत्यल्प असते. सोडियम व्हेपर दिवा बरीच उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने थेट पानांवर टाकतो, तर एलईडीची बरीचशी उष्णता मागील बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून हवेत जाते. तेवढ्याच प्रकाशासाठी एलईडीला वीज कमी लागते, म्हणून तंबू कमी तापतो, एवढेच.

हवा किती खेळवावी, याचा हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हवा एक अंश सेल्सियसने तापण्यास सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. ३०० वॅटचा दिवा ताशी १० लाख ८० हजार ज्यूल उष्णता देतो. तंबूचे तापमान खोलीपेक्षा पाच अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर ताशी १८० घनमीटर हवा बाहेर काढावी लागते; तीन अंशांची मर्यादा हवी असेल, तर ३०० घनमीटर. सव्वा मीटर लांब-रुंद व दोन मीटर उंच तंबूत याचा अर्थ मिनिटाला साधारण एकदा संपूर्ण हवा बदलणे. नळीची वळणे आणि गंध शोषणारा कोळशाचा फिल्टर यांमुळे प्रवाह घटतो. त्यामुळे पंखा हिशेबापेक्षा मोठा घ्यावा.

गरम हवा वर जाते. म्हणून एक्झॉस्ट पंखा छताजवळ आणि हवा आत येण्याची झडप तळाशी ठेवतात. सोडियम दिव्याचा चोक आणि शक्य असल्यास एलईडीचा ड्रायव्हर तंबूबाहेर ठेवल्यास तेवढी उष्णता आत येतच नाही. बाष्पोच्छ्वासाने वाढणारी आर्द्रताही याच वाटेने निघून जाते. एरवी भुरीसारखे बुरशीजन्य रोग बळावतात.

मात्र पंख्याला एक मर्यादा आहे. तो तंबूला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. शिवाय काढलेली हवा त्याच खोलीत सोडली, तर खोलीच तापत जाते. म्हणून नळी खिडकीबाहेर न्यावी. मुंबईत मे महिन्यात बाहेरच ३३-३४ अंश तापमान असताना लेट्युससारखे थंड हवामानाचे पीक केवळ पंख्यावर तगणे कठीण असते. तेथे एअर कंडिशनर लागतो किंवा वेळापत्रक बदलावे लागते. सोळा तासांचा ‘दिवस’ सायंकाळी सहाला सुरू करून सकाळी दहाला संपविला, तर भर दुपारी दिवे बंद राहतात.

दक्षिण ध्रुवावरील अमुंडसेन-स्कॉट तळावर अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाने उभारलेल्या भाजीकक्षात सोडियम दिवे पाण्याने थंड करण्याची व्यवस्था होती. पृथ्वीवरील अतिथंड ठिकाणीही दिव्यांची उष्णता आपोआप निघून जात नाही. तिला वाट करून द्यावी लागते.