अप्पांचा 'मे'

आमच्या अप्पांचं इंग्रजी म्हणजे कचेरीतलं इंग्रजी. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि पुढे एकतीस वर्षं सरकारी फायलींवर लिहिलेल्या टिपण्या, एवढ्यावर उभं असलेलं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते तेव्हा मला त्याचं फार हसू यायचं. "मे काइंडली बी अप्रूव्हड" हे काय वाक्य झालं, म्हणून मी त्यांना चिडवायची. ते चष्मा पुसत म्हणायचे, "अगं, साहेबाला 'सही कर' असं सांगता येतं का? पण सही तर व्हायला पाहिजे ना! मग 'मे' लावायचा."

अप्पा १९९४ साली गेले. काही दिवसांनी आईच्या नावानं कुटुंब निवृत्तिवेतनाबद्दल पत्र आलं. चार कागदपत्रांची यादी आणि वर "यू मे सबमिट". आईनं पत्र माझ्या हातात दिलं. मी वाचून सांगून टाकलं, "द्यायलाच हवेत असं नाही गं, दिलेस तर चालतील, एवढंच म्हणताहेत." घरात इंग्रजीची एम.ए. मी एकटीच, त्यामुळे विषय तिथेच संपला. पेन्शनही तिथेच अडकलं. आठ महिने! शेवटी मी खेटे घालायला लागले तेव्हा खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "बाई, आम्ही लेखी कळवलं होतं की." तेही खरंच होतं. त्या आठ महिन्यांत आईनं दोन बांगड्या मोडल्या, हे मला पुढे मावशीकडून कळलं. आई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. ते पत्र बरोबर वाचू शकणारा घरात एकच माणूस होता, आणि तो गेला म्हणूनच ते पत्र आलं होतं.

असो. तेव्हापासून ह्या चिमुकल्या शब्दांच्या कुळकथेचा मला नाद लागला तो लागलाच.

'मे' हा मूळचा ताकदीचा शब्द. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता अंगात बळ असणं. बळ ह्या अर्थाचं 'माइट' हे नाम त्याच घरातलं. 'कॅन' म्हणजे जाणणं. आपलं 'जाणणे', संस्कृतातला 'ज्ञा' आणि हा 'कॅन' एकाच मुळातून फुटलेले. म्हणजे "मला हे येतं" असं 'कॅन' लावून सांगणारा जुना इंग्रज खरं तर "मला ह्यातलं कळतं" एवढंच म्हणत होता. पुढे ह्या जाणत्या 'कॅन'नं ताकदीची गादी बळकावली आणि बिचारा 'मे' सरकत सरकत परवानगीवर आणि 'कदाचित'वर येऊन बसला. शाळेत "मे आय कम इन सर" म्हणताना आपण एका निवृत्त पैलवानाला दारात उभं करत होतो, हे कोणाला ठाऊक होतं!

'मस्ट'ची गोष्ट त्याहून चमत्कारिक. हा सक्तीचा शब्द ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ होता मुभा असणं. शिवाय रूप भूतकाळाचं, आणि वापर वर्तमानात. मुभेची सक्ती कशी होते? व्याकरणाची पुस्तकं ह्यावर बरंच काही सांगतात, पण मला आपलं वाटतं की कोणत्याही कचेरीत तासभर बसलं तरी कळेल. "तुम्ही निघालात तरी चालेल," असं साहेब म्हणाले की खुर्चीत बसून कोण राहतो?

कर्तव्याचे शब्द मात्र थेट वाण्याच्या वहीतून आलेले. 'शॅल' म्हणजे मुळात "मी देणं लागतो". जर्मन भाषेत त्याच्या नात्यातला 'शुल्ड' हा शब्द आजही कर्ज आणि अपराध दोन्हींसाठी वापरतात. 'ऑट' हे तर 'ओ', म्हणजे ऋणी असणं, ह्याचंच जुनं भूतकाळी रूप. हे वाचलं तेव्हा मी चमकलेच. आपणही "मी त्याचे शंभर रुपये लागतो" म्हणतो आणि "मला जावं लागतं" असंही म्हणतो. ना त्यांनी आपलं घेतलं, ना आपण त्यांचं. आपला 'लागणे' वेगळ्या वाटेनं आला, पण येऊन थांबला त्याच उंबऱ्याशी.

शाळेत छळणारा 'शॅल' आणि 'विल'चा नियम जॉन वॉलिस ह्या ऑक्सफर्डच्या गणितज्ञानं १६५३ साली इंग्रजीच्या व्याकरणात मांडला, तोही लॅटिनमध्ये. (अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह रूढ करणारे ते हेच.) 'मी'बरोबर 'शॅल' आला तर नुसतं भाकीत, 'तू' किंवा 'तो'बरोबर आला तर वचन नाहीतर धमकी. बोलण्यातून हा 'शॅल' आता जवळजवळ गेलाच. कायद्यात मात्र तो ठाण मांडून आहे.

आपल्या राज्यघटनेचं ७४वं कलमच घ्या. मूळ मजकुरात एवढंच होतं की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल. सल्ला ऐकलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. खुद्द राजेंद्रप्रसादांनी १९६० साली, राष्ट्रपतिपदावर असतानाच, ह्या प्रश्नाचा अभ्यास व्हावा असं जाहीरपणे म्हटलं. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सल्ला बंधनकारक आहे. तरी १९७६ साली, आणीबाणीत, ४२व्या दुरुस्तीनं त्यात 'शॅल' घातलाच: राष्ट्रपती सल्ल्यानुसार वागतील. दोन वर्षांनी ४४व्या दुरुस्तीनं शेजारी एक 'मे' आणून बसवला. राष्ट्रपती सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पण तोच सल्ला पुन्हा आला की पुन्हा 'शॅल'. वाटतं, काय मोठा फरक! पण १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस के. आर. नारायणन ह्यांनी ह्याच 'मे'च्या बळावर परत पाठवली आणि गुजराल सरकारनं ती सोडून दिली. तिथे हा पैलवान आपल्या मूळ अर्थावर आला म्हणायचा.

मराठी प्रतीत ह्या 'शॅल'च्या जागी साधा भविष्यकाळ भेटतो, 'असेल', 'करील'. ते वाचताना मला नेहमी घरातली थोरली माणसं आठवतात. "आज पानात कोणी काही टाकणार नाही," हे भविष्य नसतं हे आम्हां सगळ्या भावंडांना न शिकवता कळायचं.

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला होता. नवीन नोकरी, नवी साहेबीण. त्यानं पाठवलेल्या अहवालावर तिनं उत्तर लिहिलं होतं, "यू माइट वाँट टू लुक ॲट धिस अगेन." तो खुशीत होता. "आत्या, चांगलंच म्हणतेय ना? वाटलं तर बघ, असंच ना?"

'माइट' म्हणजे 'मे'चा भूतकाळ, 'मे'हून मऊ. मी म्हटलं, "बाळा, तुझ्याकडे आत्ता किती वाजलेत? जेवून घे आणि बस. सकाळच्या आत पाठव."