परम महासंगणक
पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) तयार केलेली समांतर संगणकांची मालिका. जाळ्याने जोडलेल्या तिच्या प्रत्येक घटकास नोड म्हणतात. परम ८००० (१९९१) मध्ये नोडमागे एकच ट्रान्सप्यूटर व स्वतंत्र स्मृती होती. परम १०००० (१९९८) मध्ये नोडमागे दोन प्रक्रियक आले. परम पद्म (२००२) मधील २४८ प्रक्रियक चार-चारांच्या ५४ व बत्तिसांच्या एका नोडात विभागलेले होते. नोड मोठा असल्यास सामाईक स्मृतीमुळे जाळ्यावरील संदेश कमी होतात; परंतु तीच स्मृती व जाळ्याची जोडणी अनेकांत वाटली गेल्याने प्रक्रियक खोळंबतात. म्हणून समूहाचा प्रत्यक्ष वेग केवळ प्रक्रियकांच्या संख्येवर ठरत नाही. नोडचा योग्य आकार गणनकार्याच्या स्वरूपानुसार बदलतो.